आजीचा साज, तांब्याचा बंब आणि वीस गुंठे: कोल्हापुरात वारसा पुढे देणाऱ्या सेवांची पारख

करवीर, पन्हाळा, कागल किंवा राधानगरी तालुक्यातल्या एखाद्या गावात एकटी राहणारी विधवा बाई. तिच्या नावावर वीस-तीस गुंठे, गावठाणातलं कौलारू घर, अंगावरचा नि डब्यातला सोन्याचा ऐवज, माळ्यावरची पितळी-तांब्याची भांडी, बँकेत ठेव, गावातल्या पतसंस्थेत आणखी थोडी रक्कम, दूध संस्थेतलं खातं, साखर कारखान्याचा एखादा शेअर. ती गेल्यावर या प्रत्येक गोष्टीसाठी घरच्यांना वेगळ्या दारात उभं राहावं लागतं. त्या दारांची ही पारख आहे: दुय्यम निबंधकाकडची मृत्युपत्र नोंदणी, महसूल खात्याची ई-हक्क प्रणाली, बँकांचे मयत-दावे आणि गुजरीतली, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातली, सोन्याची पारख.

निकाल आधीच सांगायचा तर मृत्युपत्र नोंदणी ही यातली सर्वांत चांगली आणि पैशाच्या मानाने सर्वांत मोलाची सेवा आहे. ई-हक्क जमिनीपुरती चांगली चालते. बँकांचे काम अलीकडे सुधारले आहे. पण साज, बंब, वाकळ, देव्हाऱ्यातले टाक यांच्यासाठी कुठलीच खिडकी नाही, आणि भावा-बहिणींत कायमचा अबोला बहुतेक वेळा याच वस्तूंवरून धरला जातो. ही उणीव मृत्युपत्रातच भरून काढता येते. ती कशी, हे पुढे सविस्तर दिले आहे.

मृत्युपत्र नोंदणी

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलेही चालते. भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे करणारीची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार एवढे पुरे. नोंदणी सक्तीची नाही. तरीही ती करावीच, कारण बाईचा फोटो आणि बोटांचे ठसे सरकारी दप्तरात राहतात आणि 'हा अंगठा आईचा नव्हेच' हा वाद बराचसा तिथेच थांबतो. नोंदणीला मुदत नाही. राहत्या गावाच्याच कार्यालयात जावे असेही बंधन नाही. मृत्युपत्र जिथे केले तिथल्या किंवा करणारीला सोयीच्या दुसऱ्या दुय्यम निबंधकाकडे ते नेता येते. करवीर तालुक्यासाठी अशी एकाहून जास्त कार्यालये आहेत.

जाण्यापूर्वी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. सोबत आधार, दोन्ही साक्षीदारांची ओळखपत्रे आणि वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला न्यावा. दाखला सही करण्याच्याच दिवसाचा हवा, आणि त्यात 'तब्येत बरी आहे' एवढे पुरत नाही. 'स्वतःचे बरे-वाईट समजण्याच्या मनःस्थितीत आहे' असा स्पष्ट उल्लेख हवा. बाई अंथरुणाला खिळली असेल तर कारण दाखवून गृहभेट मागता येते. नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे आणि ती वापरायला संकोच वाटायचे कारण नाही. वेगळे शुल्क पडते, पण आजारी माणसाला जीपमध्ये घालून तालुक्याला आणण्यापेक्षा ते बरे.

या सेवेची फार थोड्यांना ठाऊक असलेली एक चांगली बाजू म्हणजे गुप्तता. मृत्युपत्रे नोंदवहीच्या स्वतंत्र, तिसऱ्या पुस्तकात जातात. बाई हयात असेपर्यंत नक्कल तिला किंवा तिच्या मुखत्यारालाच मिळते. मुलगा, सून, भाऊबंद कुणी अर्ज केला तरी उपयोग नाही. तिच्या मृत्यूनंतर मात्र मृत्यूचा दाखला जोडून नक्कल मागता येते. घरातल्यांच्या भीतीने मृत्युपत्र करायचे टाळणाऱ्या बायकांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

साक्षीदार निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो बाईपेक्षा वयाने बराच लहान असावा, त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नसावे आणि तो गाव सोडून दूर जाणारा नसावा. पुढे वाद झाला तर कोर्टात त्यालाच बोलावतात. बाईने सही केलेली त्याने पाहिलेली असली पाहिजे आणि त्याची सही तिच्यासमोर झालेली असली पाहिजे. दस्तलेखकाच्या टेबलावर साक्षीदाराची सही सकाळी आणि बाईचा अंगठा दुपारी, असे झाले की मृत्युपत्राचा पायाच ढिला होतो. अंगठा असेल तर 'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, बरोबर असल्याचे सांगून अंगठा केला' ही ओळ हवीच. नावाचेही बघावे. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे आणि बँकेत माहेरचे, असे सर्रास आढळते. सगळी नावे 'उर्फ' लावून एकत्र लिहावीत. ज्या मुलीला काही द्यायचे तिचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे घालावीत.

नोंदणी केली की मृत्युपत्र पक्के झाले, आता बदलता येत नाही, हा मोठा गैरसमज आहे. शेवटचे मृत्युपत्र खरे. नंतर केलेले बिननोंदणीचे मृत्युपत्रसुद्धा आधीच्या नोंदणीकृताला रद्द ठरवू शकते. म्हणून जेव्हा बदल करायचा तेव्हा तोही नोंदवूनच करावा, म्हणजे दोन कागदांची झुंज लागत नाही. आणि कोल्हापुरातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, घेण्याची सक्ती नाही. ज्या बँका किंवा संस्था सरसकट प्रोबेट मागतात, त्यांच्याकडे कुठल्या नियमाखाली हवे ते लेखी मागावे.

मसुदा: इथेच सेवा कमी पडते

कार्यालयाबाहेर मिळणारा तयार मसुदा जमिनीबाबत नेटका असतो. गट नंबर, हेक्टर-आर, आकार, चतुःसीमा, घराचा ग्रामपंचायत मिळकत क्रमांक, सगळे व्यवस्थित. पण चीजवस्तूंची बोळवण एका वाक्यात होते: 'माझे सोन्याचांदीचे दागिने व संसारोपयोगी सामान सर्व वारसांनी समान वाटून घ्यावे.' साज समान कसा वाटणार? एकच बंब तीन घरांत कसा जाणार? हे वाक्य म्हणजे भांडणाला दिलेले आमंत्रण आहे.

या बाबतीत जुन्या इंग्लंडमधल्या खेड्यातल्या विधवा पुष्कळ पुढे होत्या. त्यांची सोळाव्या-सतराव्या शतकातली मृत्युपत्रे तिथल्या परगण्यांच्या दप्तरखान्यांत जपलेली आहेत. चांगला झगा थोरल्या मुलीला, रोजचा झगा धाकटीला, पितळी भांडे अमक्या नातीला, पिसांची गादी आणि तागाच्या चादरी तमकीला, एक मेंढी नातवाला, अशी वस्तूवार वाटणी त्यांत असते. याला कारण होते. तिथे लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे. ही स्थिती 1882 च्या कायद्याने पालटली. विधवेला मात्र तो हक्क आधीपासून होता. जमीन आणि घर बहुधा नवऱ्याच्या मृत्युपत्राने किंवा गावच्या रिवाजाने मुलाकडे गेलेले असे. तिच्या स्वतःच्या हातात उरत ती भांडीकुंडी, कापडचोपड, जनावरे, म्हणून त्यांचा हिशोब ती नीट ठेवी. शिवाय 1529 च्या कायद्याने मयताच्या मालाची यादी करणे व्यवस्थापकाला बंधनकारक होते. शेजारचे दोन-चार जाणते लोक घरात जात, बऱ्याचदा खोलीनुसार वस्तू लिहीत आणि प्रत्येकीपुढे किंमत टाकत. हा कारभार 1858 पर्यंत चर्चच्या न्यायालयांकडे होता, नंतर तो दिवाणी न्यायालयाकडे आला. आपल्याकडचा दोन साक्षीदारांचा नियमही इंग्लंडच्या 1837 च्या मृत्युपत्र कायद्यावरून आलेला आहे. नियम आपण घेतला. यादीची शिस्त मात्र मागेच राहिली.

ती शिस्त आज कोल्हापुरात आणायची तर पद्धत अशी. मृत्युपत्राला 'परिशिष्ट' म्हणून चीजवस्तूंची यादी जोडावी, तिच्या प्रत्येक पानावर बाईची आणि दोन्ही साक्षीदारांची सही घ्यावी आणि दस्तासोबतच ती नोंदवावी. यादी वेगळी ठेवायची असेल तरी ती मृत्युपत्रावर सही होण्याआधी लिहिलेली हवी आणि मृत्युपत्रात तिचा तारखेसह उल्लेख हवा. वारसा कायद्याचे कलम 64 अशीच यादी मृत्युपत्राचा भाग मानते. 'नंतर मी लिहून ठेवीन ती यादी पाळावी' हे वाक्य कुचकामी आहे. नंतरची चिठ्ठी साक्षीदारांच्या सह्यांशिवाय मृत्युपत्राचा भाग होत नाही, मग ती आईच्या हातची असली तरी.

यादीत वस्तू ओळखता आली पाहिजे. भांड्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक फार उपयोगी रिवाज आहे: नाव घालण्याचा. हंडा, कळशी, घंगाळ, तपेली, परात यांच्या काठावर कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कधी आले ते कोरलेले असते. तो मजकूर जसाच्या तसा यादीत उतरवावा. त्यावरून भांडे कुठले ते कळतेच, शिवाय ते बाईला माहेराहून आलेले स्त्रीधन आहे की सासरच्या घरचे, हेही दिसते. बंबासाठी उंची आणि तोटी पितळी की कसली ते लिहावे. इरकल, नऊवारी, पैठणी यांना रंग आणि काठ. जाते, पाटा-वरवंटा, उखळ हेही लिहावेत. शहरातल्या नातीला ते हवे असतात आणि गावातल्या मुलाला अडचण वाटते, म्हणून वाटणी सोपी जाते. देव्हाऱ्यातले टाक स्वतंत्र लिहावेत आणि कुळाचार कोण चालवणार ते नावानिशी सांगावे. थोरल्या मुलाकडे जायची रीत असली तरी थोरला मुंबईत आणि जोतिबाचे खेटे धाकटा करतो, अशी घरे कमी नाहीत. प्रत्येक मोठ्या वस्तूचा फोटो काढून त्यामागे यादीतला क्रमांक टाकावा.

मसुद्यात आणखी तीन वाक्ये हवीत, ती तयार मसुद्यात सहसा नसतात. पहिले मोडीबद्दल. यादीत 'पाटल्या' लिहिल्या आणि मधल्या काळात त्या मोडून बांगड्या केल्या, तर देणगी बुडते, कारण मृत्यूच्या वेळी पाटल्या अस्तित्वातच नसतात. म्हणून 'पाटल्या किंवा त्या मोडून केलेला दागिना' असे लिहावे. दुसरे सुनेबद्दल. मुलगी आईच्या आधी गेली आणि तिची मुले हयात असली तर तिला दिलेली देणगी बुडत नाही, तशी कायद्यातच सोय आहे. सुनेला ही सोय नाही. ती आधी गेली तर तिला दिलेली वस्तू उरलेल्या मिळकतीत मिसळते. 'ती हयात नसल्यास तिच्या मुलीला' हे शब्द घालावेत. तिसरे, यादीत न आलेल्या उरल्यासुरल्याबद्दल: ते कोणाला, हे एका वाक्यात सांगितलेले हवे.

आणि जे आज देता येते ते आजच द्यावे. जंगम वस्तू हातात सोपवली की बक्षीस पूर्ण होते; त्याला मुद्रांक किंवा नोंदणी लागत नाही. नातीच्या हातात बोरमाळ ठेवताना दोन ओळींची चिठ्ठी, तारीख आणि फोटो, एवढे पुरावे पुष्कळ झाले.

साज आणि गुजरी

कोल्हापुरी साजाला वेगळा परिच्छेद लागतोच, कारण बाईच्या ऐवजात मोलाचाही तोच आणि चुकीची किंमत लावली जाते तीही त्याचीच. रूढ साजात जवमणी आणि एकवीस पानड्या: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, दोन माणिक-पाचूच्या आणि मधले डोरले. मणी भरीव सोन्याचे नसतात, आत लाख असते आणि वर सोन्याचा पातळ पत्रा. म्हणून काट्यावर दिसणारे वजन हे सोन्याचे वजन नव्हे. समजा गाठवलेला साज 40 ग्रॅम भरला. त्यातून लाख, खडे आणि दोरा वजा जाऊन निव्वळ सोने किती, हे पेढीवर स्पष्ट विचारावे आणि लिहून घ्यावे. गुजरीतल्या अनुभवी सराफाला साज कोणत्या घडणीचा आहे हे पाहून अंदाज येतो. एकाच पेढीच्या अंदाजावर वाटणी करू नये, दोन ठिकाणी विचारावे आणि भावंडांपैकी निदान दोघे सोबत असावेत.

सोन्याचा कस तपासणाऱ्या केंद्रात यंत्राने तपासणी होते, ती झटपट आणि वस्तू न मोडता. पाटल्या, बिलवर, तोडे अशा भरीव दागिन्यांसाठी ही सेवा उत्तम. साजाच्या मण्यांना तिचा उपयोग मर्यादित आहे: यंत्र वरच्या पातळ थराचा कस सांगते, आत लाख किती ते सांगत नाही. मुलामा दिलेल्या दागिन्यातही हीच फसगत होते. जुन्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, नसतो, त्याने घाबरून जाऊ नये. तो क्रमांक नसलेले दागिने विकायला सराफांना 1 एप्रिल 2023 पासून मनाई आहे, घरात ठेवायला किंवा वारसांना द्यायला नाही.

जुन्या पावत्या वाचताना तोळ्याची गफलत सांभाळावी. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे 12 मासे किंवा 96 गुंजा. आजच्या बाजारात तोळा म्हणजे 10 ग्रॅम. 'पाच तोळ्यांच्या पाटल्या' जुन्या मापाने 58 ग्रॅमच्या वर जातात, नव्याने 50 ग्रॅम. यादीत नेहमी ग्रॅमच लिहावेत.

तीन बहिणींत साज वाटायचा म्हणून तो मोडू नये. मोडताना लाख जळते, घडणावळ जाते, पानड्या विस्कटतात आणि हातात येते ते अपेक्षेपेक्षा फार कमी. साज एकीने ठेवावा, निव्वळ सोन्याला त्या दिवसाचा त्या कसाचा मोडीचा भाव लावावा, मजुरी धरू नये, आणि तेवढ्याचे इतर दागिने किंवा रक्कम बाकीच्यांना द्यावी. इंग्लंडमध्येही प्रोबेटसाठी घरातल्या वस्तूंची किंमत मृत्यूच्या दिवशी बाजारात काय आली असती यावरच धरतात, विकत घेतानाची नव्हे. तोच नियम इथे न्यायाचा आहे. भाव कोणत्या दिवसाचा धरायचा ते आधी ठरवून घ्यावे. सोन्याच्या भावातल्या चढउताराने महिन्याभरात हिशोब पालटतो आणि नंतर मन दुखते.

वारसाने मिळालेल्या दागिन्यांवर आपल्याकडे कर नाही; संपदा शुल्क 1985 मध्येच बंद झाले. पुढे कुणी ते विकले तर मात्र भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. दागिना 1 एप्रिल 2001 पूर्वीचा असेल तर त्या दिवशीचे मूल्य धरण्याची मुभा आहे, म्हणून जुनी पावती टाकू नये.

ऐवज डब्यात दिसला नाही म्हणून सुनेवर किंवा मुलीवर संशय घेण्याआधी सोनेतारणाच्या पावत्या शोधाव्यात. बियाण्याला, नातवाच्या फीला बायका पाटल्या गहाण ठेवतात आणि घरात बोलत नाहीत. कर्ज आणि व्याज भरून वारसांना दागिना सोडवता येतो, पण लिलावाच्या नोटिशीची मुदत उलटायच्या आत.

बँक आणि लॉकर

1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक असेच लावता येतात. सुधारणा चांगली आहे. पण नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, मालक नव्हे. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे वेळोवेळी सांगितले आहे. धाकट्याचे नाव लावले म्हणून पैसे धाकट्याचे होत नाहीत.

नॉमिनी नसेल तरी रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंतचे दावे सोप्या पद्धतीने, कोर्टाच्या दाखल्याशिवाय मिटवायचे आहेत. कागद पूर्ण झाल्यापासून मुदत 15 दिवस. गावची पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, तिथे हे निर्देश दाखवून उपयोग नाही. तिथे तिच्या उपविधीप्रमाणे आणि सहकार खात्याकडे दाद मागून काम करावे लागते. म्हणून पतसंस्थेच्या ठेवीला नॉमिनी असणे जास्त गरजेचे.

लॉकर उघडताना बँक साक्षीदारांसमोर आतल्या वस्तूंची यादी करते. ही सेवा खरोखर चांगली आहे. यादीची प्रत मागून घ्यावी आणि मृत्युपत्राच्या परिशिष्टाशी ताडून पाहावी.

जमीन: ई-हक्क

आधी बाईचा वाटा किती ते पक्के करावे. नवऱ्याच्या मागे ती, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील आणि सासू हयात नसेल, तर नवऱ्याच्या स्वकष्टार्जित जमिनीचे चार सारखे वाटे. दोन एकर म्हणजे 80 गुंठे असतील तर तिचे 20. मृत्युपत्र या 20 गुंठ्यांचेच चालते. 80 गुंठ्यांचे केले तर मुलीचा वाटाही आईने 'दिला' असे दिसते आणि तक्रार ठरलेलीच. मूलबाळ नसलेल्या विधवेने तर मृत्युपत्र टाळूच नये. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 15 प्रमाणे तिने स्वतः कमावून घेतलेली मिळकतही तिच्या माघारी आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. सांभाळणारी भाची किंवा बहीण रांगेत फार मागे राहते. फक्त आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

वारस नोंदीचा अर्ज ई-हक्कवर भरता येतो. मृत्यूचा दाखला, आठ-अ, सर्व वारसांची नावे-वये-नाती असलेले स्वयंघोषणापत्र, आधार, आणि मृत्युपत्र असेल तर त्याची नक्कल जोडावी. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावे, असे महसूल संहितेचे कलम 149 सांगते. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे जातो. आधी वारस नोंदवहीत म्हणजे 6-क मध्ये आणि मग फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, 15 दिवस हरकतीसाठी जातात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या 15 दिवसांत महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफार उघडून प्रत्येक वारसाने आपले नाव बघावे. पुण्यात किंवा बेळगावात असलेल्या मुलीला हे घरबसल्या करता येते, हे या सेवेचे मोठे यश. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि वेळ लांबतो. निर्णय पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेने जुन्या मयतांची नावे कमी करायला बळ आले आहे. आजोबांचेच नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर पहिली नोंद त्यांची, मग बाईची.

नोंद झाल्यावर 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढून पाहावा. मुलीचे नाव खातेदारांच्या रकान्याऐवजी इतर हक्कात टाकल्याचे आढळते, ते तेव्हाच दुरुस्त करून घ्यावे. विकास सोसायटीचा बोजाही तिथेच दिसतो. आणि सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. मृत्युपत्राच्या खरेपणाचा वाद झाला तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आलीच तर ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे, मुंबईचे हेलपाटे वाचले.

हक्कसोडपत्राबद्दल. वडिलोपार्जित मिळकतीचे, मोबदला न घेता भावाच्या नावे केलेले हक्कसोडपत्र 500 रुपयांच्या मुद्रांकावर होते. स्वस्त आणि जलद. पण त्यावर बाराव्या-तेराव्याला बहिणींच्या सह्या मागू नयेत. नोंदवल्यावर ते मागे घेता येत नाही, आणि त्या दिवसांत कुणीही कागद नीट वाचत नाही. निदान वर्षश्राद्धापर्यंत थांबल्याने वारस नोंदीचे काहीच अडत नाही, सर्वांची नावे लागून राहतात.

दूध संस्था आणि कारखाना

या दोन्ही ठिकाणी सेवा संस्थेगणिक बदलते. दूध संस्थेत खाते बाईच्या नावे असेल तर दहा दिवसांचे थकीत बिल आणि दिवाळीला निघणारा दर-फरक हा तिच्या मिळकतीचा भाग. म्हैस धाकट्याकडे गेली तरी तिच्या हयातीतल्या दुधाचा फरक सर्वांचा. सचिवाला मृत्यूचा दाखला देऊन तिच्या खात्यावर तारखेपर्यंतचे लिटर लिहून घ्यावेत आणि पुढचे दूध नव्या खात्यावर घालावे, नाहीतर दिवाळीला हिशोब वेगळा काढता येत नाही. कारखान्याचा शेअर बहुतेक वेळा नवऱ्याच्याच नावावर राहिलेला असतो, बाईचे नाव कधी लागलेलेच नसते. तेव्हा मृत्युपत्रात तो शेअर लिहिण्याआधी सभासद क्रमांक घेऊन शेअर विभागात विचारावे, नवऱ्याच्या वारसांची संमतिपत्रे आणि मूळ शेअर दाखला देऊन आधी तिचे नाव लावून घ्यावे. ते तिच्या हयातीत केले तर एक अर्ज पुरतो. दोघांच्या मृत्यूनंतर केले तर दोन पिढ्यांच्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि सह्या पुऱ्या होईपर्यंत सभासदाची साखर बंद राहते.